अहवालातील न वाचली गेलेली ओळ : किशोरींमधील पीसीओएस आणि यकृतातील चरबी

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची पाळी तीन-चार महिने आली नाही, की घरात काळजी सुरू होते ती प्रथम आईची. काही दिवस परीक्षेच्या ताणाला दोष दिला जातो, काही दिवस बाहेरच्या खाण्याला. मग एखाद्या दिवशी दुकानातील गर्दी ओसरल्यावर वडिलांच्या कानावर गोष्ट घातली जाते आणि मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेले जाते. पोटाची सोनोग्राफी होते. अहवाल हाती आल्यावर सर्वांची नजर ‘ओव्हरी’ या शब्दावर खिळते. पुढे मूल होईल ना, लग्नाच्या वेळी हे सांगावे लागेल का, अशा प्रश्नांनी घर व्यापून जाते. त्याच कागदावर वरच्या बाजूला यकृताविषयी एक ओळ असते : ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. ती बहुधा कोणी वाचत नाही. वाचलीच तर ‘हे तर हल्ली सर्वांनाच असते’ असे म्हणून कागद घडी घालून ठेवला जातो.

गेल्या काही वर्षांतील संशोधन मात्र सांगते, की या दोन ओळी वेगवेगळ्या आजारांच्या नाहीत. अंडाशयाची तक्रार आणि यकृतातील चरबी यांचे नाते निकटचे आहे. किशोरवयात ते ओळखता आले, तर मुलीच्या पुढील पन्नास वर्षांच्या आरोग्याला वेगळे वळण देता येते.

दोन आजारांचा जुना इतिहास

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस (बोलीभाषेत ‘पीसीओडी’), या विकाराचे आधुनिक वर्णन १९३५ साली शिकागो येथील आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थाल या दोन डॉक्टरांनी केले. पाळी न येणाऱ्या आणि अंडाशय मोठे झालेल्या सात स्त्रियांची नोंद त्यांनी प्रसिद्ध केली. त्यामुळे पुढील अनेक दशके हा आजार केवळ अंडाशयाचा समजला गेला. वास्तविक त्याआधीच, १९२१ मध्ये, फ्रान्समधील आशार आणि तिएर यांनी दाढी असलेल्या स्त्रियांमधील मधुमेहाविषयी लिहिले होते. पुरुषी संप्रेरके आणि साखर यांचा काही संबंध असावा, याची ती पहिली चाहूल होती. १९८० मध्ये पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिनचे प्रमाण वाढलेले असते, हे दाखवून देण्यात आले आणि या आजाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

योगायोग असा, की त्याच १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील युर्गेन लुडविग यांनी मद्य न घेणाऱ्या रुग्णांच्या यकृतात मद्यपींसारखीच चरबी आणि सूज आढळते, हे नोंदवले. तीन वर्षांनी, १९८३ मध्ये, लठ्ठ मुलांच्या यकृतातही हाच प्रकार असल्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पिढ्यान्‌पिढ्या मद्याला स्पर्श न केलेल्या घरांना ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ‘आमच्या घरात कोणी पीत नाही, मग लिव्हर कशाने बिघडेल?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे; पण यकृताला बिघडण्यासाठी मद्यच लागते असे नाही. २०२३ मध्ये जगभरातील यकृततज्ज्ञांनी या आजाराचे नावच बदलले. त्यातून ‘मद्य’ हा शब्द काढून त्यांनी ‘चयापचयाशी निगडित’ असे विशेषण लावले. मूळ कारणाकडे बोट दाखवणारे हे नामांतर आहे.

यकृत : शरीराची वखार

प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. आतड्यांत पचलेल्या अन्नातील बहुतेक माल प्रथम यकृताच्या दारात येतो. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते. व्यापारी कुटुंबाला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर यकृत ही शरीराची घाऊक वखार आहे. जेवणानंतर आलेली साखर ते ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते. ही साठवण मर्यादित असते, साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास. रात्री सर्व झोपलेले असताना हीच वखार उघडून यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडते, म्हणून मेंदूचे काम अखंड चालते. वखार भरल्यावरही माल येतच राहिला, तर यकृत त्याचे चरबीत रूपांतर करते आणि ती चरबी रक्तावाटे बाहेर पाठवते.

या वखारीचा मुनीम म्हणजे इन्सुलिन. जेवणानंतर स्वादुपिंडातून ते स्रवते आणि एकाच वेळी अनेक हुकूम देते. यकृताला ते सांगते, की आता नवी साखर तयार करू नको आणि आलेल्या मालातून चरबी बनव. चरबीच्या ऊतींना ते बजावते, की साठा कुलूपबंद ठेवा, बाहेर सोडू नका. स्नायूंना ते सांगते, की रक्तातील साखर आत घ्या.

इन्सुलिन-प्रतिरोध निर्माण झाला, म्हणजे मुनिमाचा शब्द पाळला जाईनासा होतो. स्वादुपिंड मग अधिकाधिक इन्सुलिन पाठवते. यातली विचित्र गोष्ट अशी, की यकृत सर्वच हुकूम मोडत नाही. ‘साखर बनवू नको’ हा हुकूम ते ऐकत नाही. पण ‘चरबी बनव’ हा हुकूम मात्र निमूटपणे पाळत राहते. इन्सुलिन जितके वाढते तितकी चरबी बनते. दुसरीकडे चरबीच्या ऊतींचे कुलूप ढिले होते आणि तेथील चरबी रात्रंदिवस यकृताकडे वाहू लागते. फॅटी लिव्हर असलेल्या प्रौढांवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यकृतातील चरबी कोठून आली याचा माग काढण्यात आला. सुमारे ५९ टक्के चरबी शरीराच्या साठ्यातून आलेली होती, २६ टक्के यकृताने स्वतः साखरेसारख्या पदार्थांपासून बनवलेली होती आणि थेट आहारातील चरबीचा वाटा होता अवघा १५ टक्के. ‘तूप बंद केले की लिव्हर सुधारेल’ हा समज किती अपुरा आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. यकृताच्या पेशींपैकी पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली, की त्याला फॅटी लिव्हर म्हटले जाते.

अंडाशयाशी नाते कसे जुळते

वाढलेले इन्सुलिन यकृतापुरते थांबत नाही. अंडाशयातील काही पेशी इन्सुलिनच्या प्रभावाने अधिक पुरुषी संप्रेरके तयार करतात. स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक अल्प प्रमाणात असतेच. ते वाढले की बीजांड परिपक्व होऊन बाहेर पडण्याची क्रिया अडखळते, पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, मुरुमे हटत नाहीत.

येथे यकृताची आणखी एक भूमिका पुढे येते आणि तीच सर्वांत कमी परिचित आहे. रक्तातील टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात तयार होते. बांधलेले संप्रेरक निष्क्रिय राहते. मोकळे असते तेच काम करते. यकृतात चरबी साठली आणि इन्सुलिन वाढलेले राहिले, की यकृत हे प्रथिन कमी बनवते. मग एकूण टेस्टोस्टेरॉन फार वाढलेले नसतानाही मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण वाढते. वाढलेली पुरुषी संप्रेरके पोटाभोवती चरबी साठण्यास हातभार लावतात, त्या चरबीने इन्सुलिन-प्रतिरोध वाढतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. म्हणजे या आजारात यकृत केवळ बळी नाही. ते चक्र फिरवणाऱ्यांपैकी एक आहे. चक्र कोठेही तोडले तरी त्याचा लाभ दोन्ही अवयवांना मिळतो, हा यातील आशेचा भाग होय.

किशोरवयात हे सारे अधिक गुंतागुंतीचे होते, कारण वयात येताना प्रत्येक मुलामुलीत इन्सुलिनचा प्रभाव निसर्गतःच काही काळ कमी होतो आणि वाढ पूर्ण होताना तो पूर्ववत होतो. ज्या मुलीत आधीच प्रतिरोधाची प्रवृत्ती आहे, तिच्यावर या वयात दुहेरी भार पडतो.

किती मुलींमध्ये आढळते?

मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १५ ते २४ वयोगटातील मुलींचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका प्रचलित व्याख्येनुसार २२.५ टक्के मुलींना पीसीओएस ठरला, तर अधिक काटेकोर व्याख्येनुसार १०.७ टक्के मुलींना. दोन्ही आकडे मोठे आहेत; पण व्याख्या बदलली की निम्म्याहून अधिक मुली या शिक्क्यातून सुटतात, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

यकृताविषयी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये एक नेमका प्रश्न विचारला : लठ्ठ किशोरींमध्ये पीसीओएस असणाऱ्या आणि नसणाऱ्या यांच्या यकृतात फरक असतो का? एमआरआयने चरबी मोजली असता पीसीओएस असलेल्या मुलींपैकी ४९ टक्के मुलींच्या यकृतात प्रमाणाबाहेर चरबी आढळली, तर पीसीओएस नसलेल्या लठ्ठ मुलींमध्ये हे प्रमाण १४ टक्के होते. दोन्ही गटांतील मुली लठ्ठच होत्या. म्हणून ‘वजन जास्त आहे, त्यामुळे लिव्हर बिघडले’ एवढे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. तथापि हा अभ्यास लठ्ठ मुलींचा होता. त्यातील आकडे प्रत्येक मुलीला जसेच्या तसे लावणे योग्य ठरणार नाही.

सडपातळ दिसणाऱ्या मुली

‘आमची मुलगी तर किती बारीक आहे’ या समाधानात भारतीय कुटुंबांनी फार काळ राहू नये, असे पुण्याने जगाला शिकवले आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरातील २१.२ टक्के. दिसायला सारखे, आतून निराळे. भारतीयांच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी अधिक असण्याची ही प्रवृत्ती जन्मापासूनच दिसते, हे पुण्याजवळच्या खेड्यांतील बालकांच्या अभ्यासातून पुढे आले.

म्हणून वजनकाट्याइतकेच कंबरेच्या मापाला महत्त्व द्यावे. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा लक्षात ठेवायला सोपा आडाखा आहे. मुलीची उंची १५६ सेंटिमीटर असेल, तर कंबर ७८ सेंटिमीटरच्या आत हवी. दुसरी खूण मानेवर दिसते. मानेच्या मागच्या बाजूस, काखेत, कोपराच्या घडीत त्वचा काळसर आणि मखमलीसारखी जाड होते. अनेक घरांत हा मळ समजून उटण्याने आणि दगडाने घासला जातो, मुलीला अस्वच्छतेबद्दल बोल लावले जातात. तो मळ नसतो. वाढलेल्या इन्सुलिनची ती त्वचेवर उमटलेली खूण असते. घासून ती जात नाही, इन्सुलिन कमी झाले की हळूहळू फिकट होते.

निदान : घाई नको, हयगयही नको

पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्षभर ती अनियमित असणे स्वाभाविक मानले जाते. त्यानंतरच्या दोन वर्षांत दोन पाळ्यांतील अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ४५ दिवसांपेक्षा अधिक राहिले, अथवा तीन वर्षांनंतर ते ३५ दिवसांपलीकडे जाऊ लागले, तर तपासणी करावी. पहिल्या वर्षानंतर कधीही नव्वद दिवसांहून अधिक खंड पडला किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार किशोरींमध्ये पीसीओएस ठरवण्यासाठी दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात : अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान पुटिकांवरून हे निदान करू नये, असे ही तत्त्वे स्पष्टपणे सांगतात. कारण या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही अशा अनेक पुटिका दिसतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांची तपासणी करून इतर कारणे आधी वगळावी लागतात.

यकृताच्या बाबतीत एसजीपीटी, म्हणजेच एएलटी, ही साधी रक्ततपासणी पहिली पायरी होय. येथे एक सूक्ष्म फसगत संभवते. बहुतेक प्रयोगशाळांच्या अहवालात ४० च्या आसपासची मर्यादा ‘सामान्य’ म्हणून छापलेली असते. बालरुग्णांच्या यकृततज्ज्ञांनी २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मुलींसाठी ही मर्यादा २२ आहे. म्हणून ३६ हा आकडा ठळक अक्षरांत छापलेला नसला, तरी तो डॉक्टरांना मुद्दाम दाखवावा. सोनोग्राफीलाही मर्यादा आहेत. चरबी थोडी असेल तर ती तीत दिसत नाही. उलट, एसजीपीटी बराच काळ वाढलेला असेल तर ‘फॅटी लिव्हरच असेल’ असे गृहीत धरणेही धोक्याचे. कावीळ ब आणि क, यकृतात तांबे साठवणारा विल्सन आजार, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृतावर केलेला हल्ला, ही कारणे या वयात तपासून पाहावी लागतात. त्याबरोबर रक्तदाब, चरबीचे प्रमाण आणि ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची तपासणी यांचाही विचार डॉक्टर करतात.

भय बाळगण्याचे कारण नाही. यकृतात चरबी असलेल्या बहुतेक मुलींना पुढे गंभीर यकृतविकार होत नाही. पण काहींच्या यकृतात सूज येते, सुजेतून व्रण तयार होतात आणि हे सारे वर्षानुवर्षे वेदनेवाचून चालते. यकृत दुखत नाही, हाच त्याचा धोका आहे.

शाकाहारी ताट आणि साखर

शाकाहार हा आरोग्याचा मोठा आधार आहे, यात शंका नाही. परंतु शाकाहारी ताट आपोआप यकृताला हितकारक ठरत नाही. बिस्किटे, टोस्ट, फरसाण, मैद्याच्या पुऱ्या, बाटलीबंद सरबते आणि मिठाई ही सारी शाकाहारीच असतात. दुकानातील धावपळीत सकाळी चहा-खारी, दुपारी शाळेच्या डब्यात पराठा, सायंकाळी क्लासला जाताना पाकिटातला चिवडा आणि सूर्यास्तापूर्वी घाईघाईचे जेवण, असा अनेक मुलींचा दिनक्रम असतो. त्यात डाळ आणि भाजी यांना जागाच उरत नाही.

सर्वांत आधी लक्ष द्यावे ते साखरेकडे. खडीसाखर, गूळ, खांड किंवा पांढरी साखर यांत यकृताला फारसा फरक दिसत नाही. साध्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि फ्रुक्टोजचा बहुतांश निकाल यकृतालाच लावावा लागतो. जास्तीच्या फ्रुक्टोजची चरबी बनते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले. पाच टक्के म्हणजे दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅम, सुमारे सहा लहान चमचे. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत तीस ग्रॅमहून अधिक साखर असते. फळांचा रसही या हिशेबातून सुटत नाही. अख्खे फळ मात्र चालते, कारण त्यातील तंतू साखरेचा वेग मंदावतात.

साखर कमी केल्याने काय साधते, याचे एक उत्तर २०१९ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगाने दिले. फॅटी लिव्हर असलेल्या ११ ते १६ वर्षांच्या चाळीस मुलग्यांपैकी निम्म्यांना आठ आठवडे जवळजवळ साखरविरहित आहार देण्यात आला. विशेष म्हणजे त्यांच्यासोबत घरातील सर्वांचेच जेवण बदलण्यात आले. त्यांच्या यकृतातील चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचा आहार घेणाऱ्यांची २१ वरून २० वर. प्रयोग मुलग्यांचा होता, पीसीओएस असलेल्या मुलींचा नव्हता. तरीही यकृत किती लवकर प्रतिसाद देऊ शकते आणि मुलांचा आहार बदलताना घराचा आहार बदलणे किती आवश्यक असते, हे त्यातून दिसते. मुलीसमोर उकडलेल्या भाज्या आणि भावासमोर बासुंदी, अशी वाटणी टिकत नाही आणि न्याय्यही नाही.

ताटात मूग, मसूर, तूर, चवळी, हरभरा, पनीर, दही-ताक यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. ज्या तिथींना हिरव्या भाज्या वर्ज्य असतात, त्या दिवशी ताट केवळ पोळी-भाताने न भरता कडधान्यांच्या उसळीने आणि डाळीने भरावे. भाकरीसाठी ज्वारी-बाजरी आपल्या मातीतीलच आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या नियमामुळे रात्री उशिराचे चरणे आपोआप टळते, हा त्याचा मोठा लाभ. मात्र त्या जेवणासाठी निवांत अर्धा तास मिळावा, अशी शिकवणीची वेळ ठरवणे घराच्या हाती आहे. पर्वकाळातील उपवास किंवा आयंबिल मुलीला करायचे असेल, तर चालू असलेल्या औषधांविषयी आणि रक्तातील लोहाविषयी डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे. उपवास हे वजन उतरवण्याचे साधन समजू नये आणि पारण्याच्या दिवशी गोडाचा अतिरेक टाळावा.

हालचाल, झोप आणि औषधे

रक्तातील साखरेचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे स्नायू. ते काम करू लागले की यकृतावरचा भार हलका होतो. वजन न घटताही हा लाभ मिळतो. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी साठ मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रत्यक्षात पाळी सुरू झाली की मुलीचे मैदानावर जाणे कमी होते आणि दहावीचे वर्ष आले की संपतेच. दोरीवरच्या उड्या, सायकल, पोहणे, गरबा, जिने चढणे, काहीही चालेल. पण ते रोजचे असावे. मोबाइलच्या प्रकाशात रात्री एकपर्यंत जागणाऱ्या मुलीची भूक आणि इन्सुलिन दोन्ही बिघडतात, म्हणून झोपेचीही शिस्त हवी.

औषधांविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. पाळी नियमित करण्यासाठी डॉक्टर अनेकदा ज्या गोळ्या देतात, त्याच गोळ्या गर्भनिरोधक म्हणूनही वापरल्या जातात. पाकिटावरील तो शब्द वाचून अविवाहित मुलीच्या घरी संकोच होतो आणि गोळ्या गुपचूप बंद केल्या जातात. वस्तुतः त्या गर्भाशयाच्या आतील आवरणाचे रक्षण करतात आणि यकृताला संप्रेरक बांधून ठेवणारे ते प्रथिन अधिक बनवायला लावतात, म्हणून मुरुमे आणि केसांची वाढ आटोक्यात येते. मात्र त्यांनी मूळ इन्सुलिन-प्रतिरोध जात नाही. आहार-विहार सोडून चालत नाही.

मेटफॉर्मिन हे दुसरे औषध इन्सुलिनचा भार कमी करण्यासाठी दिले जाते. ते दीर्घकाळ घेतल्यास जीवनसत्त्व ब-१२ चे शोषण घटते. शाकाहारी घरांत ब-१२ मुळातच कमी असते. म्हणून मेटफॉर्मिन सुरू असलेल्या शाकाहारी मुलीची ब-१२ तपासणी डॉक्टरांना विचारून अवश्य करावी. यकृतातील चरबीसाठी किशोरवयात खात्रीने गुण देणारी गोळी अद्याप नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७३ मुलामुलींच्या चाचणीत एसजीपीटी टिकाऊपणे उतरवण्यात ना जीवनसत्त्व ई सरस ठरले, ना मेटफॉर्मिन. तेव्हा ‘लिव्हर साफ करणारी’ सिरपे आणि काढे जाहिरात पाहून देऊ नयेत. दिले असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नयेत.

घरातील शब्द

या आजाराचे एक अंग कोणत्याही अहवालात छापले जात नाही. पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण अधिक असते. म्हणूनच २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनःस्थितीची विचारपूस हा उपचाराचाच भाग मानला आहे. ‘किती जाड झालीस’, ‘असाच चेहरा राहिला तर स्थळ कोण आणणार’ अशा वाक्यांनी कोणाचे वजन उतरल्याचे ऐकिवात नाही. मुलगी जेवण टाकते किंवा लपून खाते. तिच्या शरीरातील रसायनांनी तिच्यावर लादलेली गोष्ट तिच्या आळसाच्या खात्यावर मांडणे, हा चुकीचा जमाखर्च होय.

‘लग्न झाले की सारे सुरळीत होईल’ हा सल्लाही बिनबुडाचा आहे. लग्नाने इन्सुलिन उतरत नाही. पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रिया माता होतात. काहींना उपचारांची मदत लागते. मात्र गर्भारपणात मधुमेह होण्याचा आणि पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका त्यांना अधिक असतो आणि यकृतात चरबी असेल तर तो आणखी वाढतो. म्हणून लपवण्यात घालवलेली पाच वर्षे मुलीच्या खात्यातून वजा होतात. अतिरिक्त वजन असल्यास ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरले, तरी पाळी आणि यकृत या दोहोंत सुधारणा दिसू शकते. सत्तर किलोच्या मुलीसाठी हे साडेतीन ते सात किलो होतात. अशक्य वाटावे असे हे लक्ष्य नाही. विशेषतः सारे घर सोबत असेल तर.

प्रारंभ साधा असावा. मुलीच्या पाळीच्या तारखा एका वहीत लिहाव्यात, वर्षातून एकदा कंबरेचे माप, रक्तदाब, साखर आणि एसजीपीटी पाहावे आणि सर्व अहवाल एका फाईलमध्ये तारखेनुसार लावावेत. ती फाईल आईच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलीच्या हाती द्यावी. अंडाशयाच्या ओळीबरोबर यकृताची ओळ तिला स्वतःला वाचता आली आणि तिचा अर्थ समजला, तर पुढे ती शिक्षणासाठी परगावी जावो वा सासरी, आपल्या प्रकृतीचा हिशेब ती स्वतः ठेवू शकेल.